बांगाची रोपं घेऊन डार्टमथला

रिचमंड हिल

कॅनडाचा नकाशा मी कोल्हापूरच्या एका हायस्कुलात जन्मभर फळ्यावर काढत आले. हडसनचा उपसागर काढून होईपर्यंत तास संपायचा आणि पूर्व किनारा नेहमी पुढच्या तासावर जायचा. निवृत्त झाल्यावर मुलाने रिचमंड हिलला बोलावलं, तेव्हा वाटलं, चला, राहिलेला नकाशा आता पायांनी पुरा करू. प्रत्यक्षात मी दोन महिने एका घरात बसून होते.

घर छान होतं. खाली बेसमेंट, मागे हिरवळ, पुढे दोन गाड्या. सकाळी अनिकेत आणि सूनबाई मृण्मयी त्या गाड्या घेऊन ऑफिसला निघाले, की सगळ्या गल्लीत मी एकटी. रस्त्याने माणूस म्हणून दिसायचं नाही. मी चालायला बाहेर पडले तर एकदा एका बाईने गाडी थांबवून विचारलं, "आर यू लॉस्ट?" हरवले नव्हते, नुसती चालत होते. पण हे तिला पटवून देताना मलाच शंका यायला लागली.

"आई, तू जरा रिलॅक्स कर ना," अनिकेत रोज म्हणायचा. "आयुष्यभर धावपळ केलीस."

तेच तर मला जमत नव्हतं. पायाला भिंगरी लागलेली आणि जायला जागा नाही. मी भांडी लावायची, लावलेली परत काढायची, गवतात येरझाऱ्या घालायची. त्यातच एका रविवारी मराठी मंडळींकडे पॉटलक झालं. श्रीखंड, छोले, लझानिया आणि कुणाच्या तरी हातची मिसळ एकाच ताटात घेतली आणि पोटाने संप पुकारला. ओवा खाल्ला, हिंग लावला, काही उपयोग होईना.

तिसऱ्या दिवशी पोटावर हात ठेवून मी हिरवळीत फेऱ्या मारत होते. कुंपणापलीकडे शेजारच्या कांगबाई वाकून काहीतरी खुडत होत्या. सत्तरीच्या, बुटक्या, उन्हासाठी भली मोठी टोपी घातलेल्या कोरियन बाई. तोवर आमचं नातं "हॅलो"पुरतं होतं. त्यांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं आणि तोंड वेडंवाकडं करून विचारलं, "पेन?" मी मान हलवली. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने स्टीलच्या वाटीत वाफाळता काढा घेऊन आल्या.

"बांगा," त्या म्हणाल्या. "स्टमक, गुड."

वास घेतला तर वाटलं, कुणीतरी बडीशेप आणि पुदिना एकत्र कुटून त्यात तुळशीचं पान टाकलंय. चव तिखटसर, मागून गोड. तासाभरात ढेकर आले आणि जिवाला बरं वाटलं. तो त्या पाल्याचा गुण, की तीन दिवसांच्या लंघनाचा, हे मी सांगू शकत नाही. मी भूगोलाची बाई, वैद्य नव्हे. पण दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी परत द्यायला गेले ती तासभर तिथेच बसले.

त्यांच्या परसात कुंपणाच्या कडेने बांगाच बांगा होता. कमरेइतकी उंच झुडपं, पानांना करवतीसारखी कड, शेंड्याला जांभळे तुरे आणि त्यावर मधमाश्यांची झुंबड. कोरियात वैद्य लोक हा पाला वाळवून ठेवतात, त्याला ग्वाख्यांग म्हणतात. मळमळ, अपचन, उन्हाळ्यात अन्नावरची वासना जाणं, अशा तक्रारींवर देतात. कांगबाईंच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर मात्र तो नुसतं औषध नाही. आपण कोथिंबीर घालतो तसा तो माशाच्या कालवणात, सुपात पडतो. हे सारं मला त्यांच्या मोडक्या इंग्रजीतून, फोनवरच्या चित्रांतून आणि पुष्कळशा हातवाऱ्यांतून कळलं. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्या मला 'टीचर' म्हणू लागल्या. कोरियनमध्ये त्याला 'सन्सेंगनिम' म्हणतात, आणि तो शब्द नुसत्या आदरानेही वापरतात. म्हणजे आमच्याकडच्या 'बाई'सारखाच.

ऑगस्टमधल्या एका सकाळी पाहते, तर कांगबाई ती झुडपं मुळासकट उपटत होत्या. दोन रोपं कुंड्यांत लावून झाली होती. हात मातीने भरलेले, टोपी कुठेतरी पडलेली.

"काय झालं?" मी चक्क मराठीत विचारलं.

"उन्नी," त्या म्हणाल्या. "उन्नी नो ईट."

उन्नी म्हणजे ताई. बाकीची हकिकत संध्याकाळी त्यांच्या मुलाने अनिकेतला सांगितली. कांगबाईंची थोरली बहीण हॅलिफॅक्सजवळ डार्टमथला एकटी राहते. तिच्या जठराचं ऑपरेशन झालं होतं, दुखणं परत उलटलं, आणि आता पुढचे उपचार नकोत असं तिने डॉक्टरांना सांगितलं. गेले काही दिवस ती धड जेवतही नाही, असा तिच्या शेजारणीचा फोन आला. कांगबाईंना निघायचं होतं, पण कानाच्या दुखण्यामुळे विमान वर्ज्य. मुलाला महिनाअखेरीपर्यंत सुटी नाही. आणि एकट्याने गाडी बदलत जाण्याइतकं इंग्रजी त्यांच्याकडे नाही.

"मी जाते त्यांच्याबरोबर," मी म्हटलं.

"आई, दोन दिवसांचा प्रवास आहे तो!" अनिकेत म्हणाला. "आणि तुझी त्यांची ओळख तरी किती?"

"पोटदुखीपासूनची," मी म्हटलं आणि बॅग भरायला उठले. खरं सांगायचं, तर त्या घटकेला मला कुणाच्या बहिणीपेक्षा जास्त पूर्व किनारा दिसत होता.

गाडीत

टोरोंटोहून सकाळच्या गाडीने मॉन्ट्रियल आणि तिथून संध्याकाळी निघणारी हॅलिफॅक्सची गाडी, असा बेत होता. आमचं सामान पाहण्यासारखं होतं. माझी एक बॅग, कांगबाईंची एक बॅग, भाजीच्या ट्रॉलीत उभ्या केलेल्या दोन कुंड्या आणि ओल्या कागदात गुंडाळलेल्या पाल्याची शीतपेटी. तिकीट तपासनीस कुंड्यांकडे बघून म्हणाला, "त्यांचंही तिकीट काढलंय ना?" मी हसले. कांगबाईंना ते खरंच वाटलं आणि त्या घाईघाईने पर्स उघडू लागल्या.

मी प्रवासाला दशम्या आणि लसणीची चटणी घेतली होती. त्यांनी भात आणि भाज्या भरून गुंडाळलेले किंबाप आणले होते. सगळे किंबाप त्यांनी माझ्यापुढे सरकवले. स्वतः घास घेईनात. मी दशमी पुढे केली तर हातात घेतली, वास घेतला, छान म्हणून मान डोलावली आणि रुमालात बांधून ठेवून दिली.

दोन अस्वस्थ बायका शेजारी शेजारी बसल्या की काय होतं, ते त्या डब्याने पाहिलं. मी खिडकीबाहेर तलाव दिसला की उठायची, डब्याच्या टोकापर्यंत जाऊन यायची. मी बसले की त्या उठायच्या, कुंड्यांची माती चाचपायच्या, पेटी उघडून पाल्यावर हात फिरवायच्या. समोरच्या एका आजोबांनी शेवटी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, "एव्हरीथिंग ओके, लेडीज?"

मॉन्ट्रियलच्या स्टेशनवर उकडत होतं. सगळ्या पाट्या आधी फ्रेंचमध्ये. मी कॉफी आणायला गेले तेवढ्यात कांगबाईंनी कुठूनतरी बर्फाच्या दोन पिशव्या आणून पेटीत पालथ्या केल्या. उन्हाने पाला कोमेजेल ही त्यांची धास्ती. संध्याकाळी गाडीत बसलो, आणि गाडी सुटताच पुलावरून सेंट लॉरेन्स नदी लागली. पलीकडच्या काठावरची चर्चची टोकदार शिखरं उन्हात एकेक चमकत होती. ही नदी मी फळ्यावर निळ्या खडूने किती वेळा ओढली होती! पण तिची रुंदी मला कधीच काढता आली नव्हती, हे तिच्याकडे पाहताना कळलं.

सकाळी जाग आली तेव्हा गाडी मातापेदिया नदीच्या खोऱ्यातून चालली होती. दोन्ही बाजूंना झाडांनी गच्च भरलेले डोंगर, खाली दगडांवरून धावणारं पाणी, त्यात गुडघाभर उभे राहून गळ टाकणारे दोघे जण. आंबा घाटाची आठवण आली. फक्त इथे एका वळणावरही भजीची गाडी नव्हती. हे कांगबाईंना सांगावं म्हणून वळले, तर त्या मांडीवर शीतपेटी उघडून बसल्या होत्या.

पाला काळा पडला होता. बर्फ लागून सगळी पानं चहाच्या चोथ्यासारखी लिबलिबीत झाली होती. त्यांनी एक पान उचलून हुंगलं आणि परत ठेवलं.

"माय हँड," त्या म्हणाल्या. "आय डू."

"अहो, रोपं आहेत की," मी म्हटलं. "टू प्लांट्स. फ्रेश."

त्यांनी कुंड्यांकडे पाहिलंच नाही. त्यानंतर शॅलरचा निळाभोर उपसागर गेला, मंक्टन गेलं, गुरं चरणारी खारी कुरणं गेली. त्या पेटीचं झाकण धरून तशाच बसून राहिल्या. दिवसभरात अर्धा कप चहा, एक बिस्कीट. त्यांचा हात मी हातात घेतला तर तो गार पडलेला. मला पहिल्यांदा भीती वाटली. आजारी बहिणीकडे निघालेली ही बाईच वाटेत पडली, तर मी कुणाला काय सांगणार होते?

हॅलिफॅक्स

संध्याकाळी हॅलिफॅक्सला उतरलो तर गाव धुक्यात. समुद्र दिसत नव्हता. फक्त वास आणि मधूनच भोंगा. मी टॅक्सीवाल्याला डार्टमथचा पत्ता देणार, तोच कांगबाईंनी माझी बाही ओढली. "टुमारो." अनिकेतने खबरदारी म्हणून विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली सांगून ठेवली होती, उन्हाळ्यात मुलं घरी जातात तेव्हा अशा खोल्या प्रवाशांना देतात. तिथे गेलो.

दुसरा दिवस उजाडला. "टुमारो," त्या पुन्हा म्हणाल्या. त्यांना किल्ला बघायचा होता. किल्ला झाल्यावर बाग बघायची होती. बाग झाल्यावर बंदरावरची जहाजं बघायची होती. मी प्रवासाला हपापलेली बाई, पण त्या दिवशी माझं लक्ष एकाही तोफेत लागलं नाही. तरी नोंद म्हणून सांगते: चढावरचे रस्ते, रंगीत लाकडी घरं, आणि कुणीही अनोळखी माणूस भेटला की "हाउ आर यू, डियर" म्हणणारं हे गाव टोरोंटोपेक्षा पुष्कळ सैल आहे. दुपारी भूक लागली म्हणून इथला प्रसिद्ध डोनेर घेतला. मसालेदार मांस, रोटी, कांदा, टोमॅटो, इथवर ठीक. वर मात्र त्यांनी गोड, दाट, पांढरा सॉस ओतला. पांढऱ्या रश्श्याच्या गावच्या माणसाला मटणावर बासुंदी वाढल्यासारखं झालं. कांगबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या पुढ्यातला डोनेर तसाच होता.

तिसऱ्या सकाळी मी ट्रॉली घेऊन त्यांना सरळ फेरीच्या धक्क्यावर नेलं. हॅलिफॅक्सहून डार्टमथला खाडी ओलांडून नावेने जातात. पलीकडचा काठ नजरेसमोर. एक फेरी आली आणि गेली. दुसरी आली आणि गेली. त्या बाकावरून उठेनात.

"टीचर, यू गो," त्या म्हणाल्या. "गिव्ह प्लांट. आय वेट."

तेव्हा कुठे गाठ सुटली. उन्नीने आणि तिच्या नवऱ्याने डार्टमथला कोपऱ्यावरचं दुकान टाकलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी कांगबाईंना, नवऱ्यासकट, कोरियाहून बोलावून घेतलं. पुढे दुकान धाकट्या बहिणीने चालवावं म्हणून. काही वर्षं झाली, आणि कांगबाईंच्या नवऱ्याने टोरोंटोला जायचं ठरवलं. तिथे कोरियन माणसं, कोरियन चर्च, मुलासाठी बऱ्या शाळा.

"उन्नी से, गो. गो, नो कम बॅक." त्या खाडीकडे बघत म्हणाल्या. "आय गो. आय नो कम बॅक."

म्हणजे तेव्हापासून फक्त नवीन वर्षाचे फोन. उन्नीचा नवरा गेला तेव्हाही या आल्या नव्हत्या.

समजूत घालायला लागणारं इंग्रजी त्यांच्याकडे नव्हतं आणि कोरियन माझ्याकडे नव्हतं. तिसरी फेरी लागली. लोक चढू लागले. मी उठले, कुंड्यांची ट्रॉली धरली आणि चालू लागले.

"टीचर!"

मी मागे पाहिलं नाही. नावेला लावलेला पत्रा ओलांडून आत गेले आणि खिडकीशी बसले. दरवाजा बंद होता होता माझ्या शेजारी कुणीतरी धापकन येऊन बसलं. त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि ट्रॉलीची मूठ माझ्या हातून काढून घेतली.

डार्टमथ

उन्नीचं अपार्टमेंट धक्क्यापासून चढावर होतं. दार तिने स्वतःच उघडलं. ऑगस्टमध्ये अंगात लोकरीचा स्वेटर, आणि त्या स्वेटरात माणूस कमी, हाडं जास्त. डोळे मात्र लखलखीत. तिने बहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कुंड्यांकडे पाहिलं आणि कोरियनमध्ये एकच वाक्य बोलली. कांगबाई दारातच रडायला लागल्या.

मी आदराने दोन पावलं मागे सरले. किती वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य! नंतर, धीर करून, मी उन्नीला त्याचा अर्थ विचारला.

"मी म्हटलं, चपला बाहेर काढा," उन्नी म्हणाली.

तिचं इंग्रजी खणखणीत होतं. "दुकानातल्या गिऱ्हाइकांनी शिकवलं," ती म्हणाली. "त्यामुळे शिव्या चांगल्या येतात. तू कोण?"

मी शेजारीण, असं सांगितलं. "शेजारीण एवढ्या लांब येते?" तिने विचारलं. "घरी बसवत नव्हतं," मी म्हटलं. तिने मान हलवली, हे उत्तर तिला पुरेसं वाटलं.

कांगबाई तोवर स्वयंपाकघरात शिरल्या होत्या. दोन्ही रोपांची निम्मी पानं खुडून त्यांनी सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टचं सूप केलं. घरभर बांगाचा वास. वाडगा दोन्ही हातांनी धरून त्यांनी बहिणीपुढे ठेवला आणि जमिनीवर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

उन्नीने चमचा उचलला. नाकाशी नेला. आणि वाडगा हलकेच दूर सरकवला.

कांगबाई काहीतरी म्हणाल्या, विनवल्यासारखं. उन्नीने उत्तर दिलं. मग उन्नी माझ्याकडे वळली, पंच म्हणून मला बसवल्यासारखी.

"ती म्हणते, हे तुला सगळ्यांत जास्त आवडतं. मी सांगितलं, मला हा वास कधीच आवडला नाही. लहानपणीही नाही, आत्ताही नाही."

"मग त्यांना असं का वाटलं?" मी विचारलं.

"आमची आई लवकर गेली. हिचं पोट नेहमी बिघडलेलं. काही खायची नाही, खाल्लं तर ओकायची. गावच्या वैद्याने सांगितलं, हिला बांगा दे. मी कुंपणाकडेचा पाला खुडून धिरडी घालायची. तरी ही तोंड मिटून बसायची. मग पहिला घास मी खायची. वा, वा, किती छान, म्हणायची. तेव्हा कुठे ही खायची." ती कोरियनमध्ये बहिणीला काहीतरी म्हणाली आणि परत मला म्हणाली, "मूर्ख आहे. जन्मभर माझ्यासाठी म्हणून हे गवत लावत बसली."

कांगबाई हलल्या नाहीत. मला वाटलं, आता या उठतील, चपला घालतील आणि पहिल्या फेरीने परत जातील. दोन दिवस जपलेला पाला, तो काळा पडल्याचं दुःख, सगळं कशासाठी?

उन्नी मात्र बहिणीकडे बारकाईने बघत होती. गालांकडे, मनगटांकडे.

"ही शेवटची कधी जेवली?" तिने मला विचारलं.

"टोरोंटो सोडल्यापासून मी तरी त्यांना जेवताना पाहिलं नाही," मी सांगितलं. "चहा, बिस्कीट. बस."

उन्नीने टेबलाला हात टेकला आणि उठली. कांगबाई धावल्या, तर तिने त्यांना एका शब्दाने खाली बसवलं. ओट्याला धरत धरत ती शेगडीपाशी गेली. मला म्हणाली, "चिरता येतं?" मी उरलेली पानं आणि हिरवी मिरची चिरली. तिने पिठात पाणी घातलं, लाल मिरचीची पेस्ट चमचाभर, चिरलेला पाला, मीठ. ती पीठ कालवू लागली. मी भांडं धरून ठेवलं. तव्यावर तेल सोडून तिने पळीने पीठ पसरलं. आपल्या धिरड्यासारखंच, फक्त कड जास्त कुरकुरीत. उलटताना तिचा तोल गेला आणि मी तिला कमरेशी धरलं. वजन असं नव्हतंच.

ताटली घेऊन ती बहिणीसमोर बसली. धिरड्याचा एक तुकडा तोडला. आम्ही दोघीही बघत होतो. तो तुकडा तिने स्वतःच्या तोंडात घातला. नाक मुरडलं, डोळे मिटले, चावला, चावला, आणि गिळला.

"मशित्ता," ती म्हणाली. छान झालंय.

कांगबाईंच्या तोंडून विचित्र आवाज आला, हसण्याचा की हुंदक्याचा ते कळलं नाही. मग त्यांनी ताटली ओढून घेतली आणि खायला लागल्या. हाताने, मोठेमोठे घास, मध्ये न थांबता. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ताटलीत पडत होतं. उन्नी उठून दुसरं धिरडं घालायला गेली. मी म्हटलं, "मी घालते, तुम्ही बसा." तेव्हा ती म्हणाली, "पाला सगळीकडे लागेल असं पसर. पीठ पातळ नको."

तिसरं मी खाल्लं. मिरची आणि बांगा असा जमतो, की ओव्याच्या धिरड्यालाही मागे टाकेल. हे मी कोल्हापूरकर असून म्हणते.

बांगाने उन्नीला काही बरं केलं नाही, हे इथेच सांगून टाकते. तो एक घासही तिला पचला नाही. थोड्या वेळाने उलटी झाली. घरी येणारी नर्स म्हणाली, जे मागतील ते द्या, नको म्हणतील तर आग्रह नको. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उन्नीने स्वतःहून जुक मागितला. जुक म्हणजे आपली तांदळाची पेज. चार-पाच चमचे घेतली. कारण तिच्या मते कांगबाईंना पेज धड करता येत नव्हती, आणि चव घेतल्याशिवाय हे सिद्ध करता येत नव्हतं.

पुढचे काही दिवस मी कोचावर झोपले आणि दिवसभर त्या दोघींची भांडणं ऐकली. मीठ किती, खिडकी उघडी की बंद, टीव्हीचा आवाज, नवऱ्यांचे दोष. एकही शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. दुपारी उन्नी झोपली की मी डार्टमथच्या तळ्यांकाठी भटकायची. लोक होड्या वल्हवत असायचे, मुलं उड्या मारायची. एके दिवशी एका बाकावर बसले आणि बऱ्याच वेळाने ध्यानात आलं, की मी नुसतीच बसले आहे. ध्यानात आल्याबरोबर मात्र उठले. जित्याची खोड.

परतीच्या दिवशी कांगबाई मला सोडायला फेरीने हॅलिफॅक्सपर्यंत आल्या. त्यांचंही तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. बॅग आणली नव्हती तेव्हाच मी समजायला हवं होतं.

"आय स्टे," त्या म्हणाल्या.

"मुलाला सांगितलंत का?"

"यू टेल," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग मला कंबरेत वाकून नमस्कार केला. मीही केला. स्टेशनकडे जाताना वळून पाहिलं, तर त्या फेरीच्या रांगेत उभ्या होत्या. पुढच्या माणसाला घाईघाईने काहीतरी विचारत होत्या आणि त्याचं उत्तर बहुधा त्यांना कळत नव्हतं. तरी त्या चढल्या.

कोल्हापूर

त्यांच्या मुलाला मी सांगितलं. तो आधी चिडला, पण महिनाअखेरीला आईचे गरम कपडे घेऊन डार्टमथला गेला. मी सप्टेंबरात भारतात परतले. इथे आल्यावर लोक नायगाऱ्याबद्दल विचारतात. तो मी पाहिलाय, चांगला आहे.

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. सकाळी मी दारात भाजी घेत होते आणि फोन वाजला. कॅनडाचा नंबर, अनिकेतचा नव्हे.

"टीचर," आवाज आला. "उन्नी गॉन."

"कधी?"

"टुडे. स्लीप. आय होल्ड." पुढे त्यांना शब्द सापडेना. माझ्याकडेही इंग्रजीत होतं ते 'सॉरी' एवढंच, आणि ते म्हणवेना.

मग मी मराठीत बोलायला लागले. म्हटलं, तुम्ही गेलात ते फार बरं केलंत. म्हटलं, ताईच्या हातचं तुम्हाला परत मिळालं, असं कितीजणींना मिळतं. म्हटलं, आता दोन दिवस रडून घ्या, पण पेज घेत जा. जे सुचेल ते बोलत गेले. मी थांबले तेव्हा त्या कोरियनमध्ये बोलू लागल्या. सावकाश, मध्ये थांबत, कधी चिडून, एकदा चक्क हसून. मी 'हो' म्हणत राहिले, 'अगं बाई' म्हणत राहिले. भाजीवाली ताजवा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. तिला मी खुणेनेच थांबवलं.

किती वेळ बोललो ठाऊक नाही. शेवटी त्या दमल्या.

"ओके, टीचर," त्या म्हणाल्या. "गुड नाइट."

कोल्हापुरात ऊन अंगणात आलं होतं.

"गुड नाइट," मी म्हटलं.